बारा सेकंदांची बारी

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये जेवताना पेंट शॉपमधल्या एका पोरानं विचारलं, "सर, कॅमेऱ्याला कार्ड कुठलं घेऊ? फास्ट पाहिजे आणि टिकाऊ पाहिजे." नवा कॅमेरा घेतलाय त्यानं, हप्त्यावर. कॅमेरा ठरवायला दोन महिने लावले, लेन्स ठरवायला पंधरा दिवस, आणि कार्डाचा प्रश्न वरण-भात कालवता कालवता. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. कारण या प्रश्नाचं माझं खरं उत्तर एका बैलापासून सुरू होतं, आणि कँटीनच्या अर्ध्या तासात बैल मावत नाही.

म्हणून इथं लिहितोय.

मी राहतो महाळुंग्याला. पुण्यात कुणाला पत्ता सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे बालेवाडीच्या क्रीडासंकुलापाशी का?" नाही हो, ते निराळं. आमचं महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं. बजाजचा कारखाना, त्याच्या आसपास सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग, आणि त्या रांगेतल्या एका कारखान्यात मी. काम इनकमिंग इन्स्पेक्शनचं. म्हणजे बाहेरून आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझीच लाज काढायला उपयोगी पडेल.

आमचे घरमालक आप्पा. जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशातून खोल्या बांधल्या, पण खोल्यांच्या मागं गोठा ठेवला. पुढं भाडेकरूंच्या मोटरसायकली आणि मागं बैल. पहिल्या पाळीला जायला पहाटे उठलं की आप्पा गोठ्यात असायचे. बैल शर्यतीचे. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात बैलगाडा म्हणजे काय हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. मी बार्शीकडचा, मलाही कळायला वेळ लागला.

तर २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि १६ डिसेंबर २०२१ला अटी घालून पुन्हा परवानगी दिली. (पुढं मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदाही ग्राह्य धरला.) शर्यत असावी की नसावी, याबद्दल माझं मत अजून डुगडुगतं. बैलाच्या अंगावर हात फिरवणारे आप्पाही मी पाहिलेत आणि घाटावर डोळे पांढरे झालेला बैलही पाहिलाय. तो वाद आज नको. सांगायचं एवढंच, की आप्पांचा हरण्या या बंदीच्या काळात जन्मला, बंदीच्या काळातच वाढला. खुराक शर्यतीच्या बैलाचा, तालीम शर्यतीच्या बैलाची, आणि घाट कधी पाहिलेला नाही. शेजारपाजारचे हसायचे. आप्पा म्हणायचे, "पळंल एक दिवस."

२०२२च्या चैत्रात तो दिवस आला. तालुक्यातल्याच एका लहान गावची यात्रा. आप्पांनी आदल्या रात्री मला बोलावून सांगितलं, "फोटू तू काढ. मोबाइलवाले लय हायेत, पन ते नाचत्यात." मी भारावून गेलो. माझ्याकडं तेव्हा पाच-सहा वर्षांचा जुना डीएसएलआर आणि एक सोळा जीबीचं कार्ड होतं. एवढ्या मोठ्या दिवसाला सोळा जीबी? छे. संध्याकाळी रस्त्यावरच्या एका टपरीवजा दुकानातून एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड घेतलं. काळ्यावर सोनेरी अक्षरं, वेगाचा आकडा मोठा, किंमत कमी. दुकानात मिळालं असतं त्यापेक्षा तीनेकशे रुपये वाचले असतील. जुनं कार्ड घरीच ठेवलं, लहान म्हणून.

सकाळपासून फोटो काढत होतो. भंडारा, नारळ, घोडीवाले, घाटाच्या दोन्ही अंगांना चढलेली माणसं, माइकवर घसा बसलेला निवेदक. प्रत्येक फोटोनंतर मागच्या पडद्यावर तो दोन सेकंद दिसायचा आणि मी खूश व्हायचो. दुपारी हरण्याची बारी आली. बारी म्हणजे किती? बारा-तेरा सेकंद. घोडी पुढं, मागं चार बैल, धूळ, आणि "भिर्रर्र" अशी एकच आरोळी. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. हरण्या पळाला. आप्पांनी फेटा काढून डोळ्यांना लावला, तेही टिपलं.

टिपलं असं मला वाटलं.

रात्री कॉम्प्युटरला कार्ड लावलं. फाइलींची नावं सगळी होती. प्रत्येकीचा आकारही बरोबर. सकाळचे फोटो उघडले. साडेदहा-अकराच्या पुढचा एकही उघडेना. काही पूर्ण करडे, बाकीच्यांवर नुसताच फुलीचा खोका. फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, पुसलेले फोटो शोधून काढणारं. ते रात्रभर चालवलं. त्यानं सकाळचे भंडाऱ्याचे फोटो परत आणून दिले, जे माझ्याकडं होतेच.

काय झालं होतं ते नंतर कळलं, आणि ते तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगतो. कार्ड एकशे अठ्ठावीसचं नव्हतंच. आत असावी आठेक जीबीची चिप. कार्डाच्या पोटात एक छोटा कंट्रोलर असतो, तो कॅमेऱ्याला सांगतो की माझ्यात इतकी जागा आहे. या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवता येतं. आठ जीबी भरली की पुढचं सगळं तो घेतल्यासारखं करतो आणि सोडून देतो. कॅमेऱ्याला वाटतं लिहिलं. यादीत नाव पडतं, कारण यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते. आणि काढल्या काढल्या पडद्यावर जो फोटो दिसतो तो कार्डावरचा नसतोच, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतला असतो. दुपारी एकदा जरी मागं जाऊन जुना फोटो उघडून पाहिला असता तर तिथंच कळलं असतं.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "असूं दे. पुढच्या घाटाला काढ." पुढचा घाट हरण्याला मिळाला नाही. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला लम्पी आली. जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. आमच्या गोठ्यातली बाकीची जनावरं वाचली, हरण्या गेला.

आप्पांच्या ओट्यावर आता एक फ्रेम आहे. कुणाच्या तरी मोबाइलवरचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हात फिरून आलेला. मागून काढलाय, डाव्या बाजूला एकाचं कोपर आहे. यातला हरण्या कुठला ते बोटानं दाखवावं लागतं. भाडं द्यायला गेलो की मी त्या भिंतीकडं बघत नाही.

आता माझी लाज. कारखान्यात एका पैशाचा वॉशर आला तरी मी त्याचा नमुना काढतो, मापतो, कागदावर सही करतो आणि मग आत सोडतो. गो-नो-गो गेजमधून गेला नाही तर अख्खी पेटी परत. आणि ज्या वस्तूवर एका माणसाची सात वर्षं उभी होती ती मी पाकीट फाडून थेट कॅमेऱ्यात घातली. तपासणं अवघडही नव्हतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं एक जुनं, जर्मन, फुकट सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवाल्यांसाठी एफथ्री आहे. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि पुन्हा वाचून ताडून बघतं. चौसष्ट जीबीच्या कार्डाला साधारण तासाभराचं काम. कार्ड लावायचं, आंघोळ-जेवण उरकायचं, येऊन निकाल बघायचा. खोटं कार्ड त्यात हमखास पकडलं जातं. माझं पहिलं मत म्हणूनच असं: कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यावं हा दुसरा प्रश्न. आधी ते खरं आहे का बघा, आणि तेही पहिला फोटो काढण्याआधी.

आता "फास्ट". इथं लोकांना पाकीटच फसवतं, आणि तेही खोटं न बोलता. पाकिटावर जो मोठा आकडा असतो, १७० किंवा २०० एमबी, तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. कार्डावरून कॉम्प्युटरवर फोटो किती लवकर उतरतील, तो. घाटावर उभं असताना त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याला हवा लिहिण्याचा वेग, आणि तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. त्यापेक्षा खुणा बघाव्यात. वर्तुळातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिणारच. इंग्रजी यूच्या पोटात ३ असेल, किंवा व्ही३० असं लिहिलेलं असेल, तर किमान ३०. व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ही किमान हमी आहे. चांगलं कार्ड त्याच्या बरंच वर लिहितं. ए१, ए२ या खुणा मोबाइलमध्ये अ‍ॅप चालवण्यासाठीच्या, कॅमेऱ्यासाठी त्यांच्याकडं बघू नका. पूर्वी १३३ एक्स वगैरे लिहायचे ते आठवतं? ते एक्स म्हणजे सीडीचा मूळ वेग, सेकंदाला १५० केबी. म्हणजे १३३ एक्स म्हणजे जेमतेम २० एमबी. तेव्हा तो केवढा रुबाब वाटायचा!

पण किती वेग पुरे? हा हिशोब कुणी करत नाही, म्हणून मी करतो. हरण्याच्याच बारीवर. समजा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सेकंदाला सहा फोटो काढणारा. कच्च्या, म्हणजे रॉ फाइलचा आकार २५ एमबी धरू. बारा सेकंदांत ७२ फोटो, म्हणजे १८०० एमबी. कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत वीस फोटो मावतात असं धरा. कार्ड ३० एमबीनं लिहिणारं असेल तर चार सेकंदांत ती मेमरी भरते आणि कॅमेरा अडखळायला लागतो. बैल अजून घाटाच्या मध्यातही नसतात. ८० एमबीनं लिहिणारं कार्ड घातलं तर सात सेकंद. बरं झालं, पण बारी तरी पुरी होत नाहीच. आणि आता रॉ सोडून चांगल्या प्रतीचे जेपेग काढा. एक फोटो आठ एमबीचा, सेकंदाला ४८ एमबी. ८० एमबीचं कार्ड ते सहज गिळतं, कॅमेरा थांबतच नाही. म्हणजे महागातलं कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्यातलं एक बटण फिरवून बघावं. रॉवाले मित्र रागावतील. रागावोत. घाटावरच्या दुपारच्या उन्हात रॉमधून वाचवण्यासारखं फारसं काही नसतं, आणि नसलेल्या फोटोतून तर काहीच वाचत नाही.

शिवाय कॅमेऱ्याची स्वतःची एक मर्यादा असते. कार्डाच्या मागं पितळी पट्ट्यांची एक ओळ असेल तर ते जुन्या जोडणीचं, यूएचएस-वन; वरची सीमा १०४ एमबी. दोन ओळी असतील तर यूएचएस-टू, सीमा ३१२. पण दुसऱ्या ओळीला टेकणाऱ्या पिना कॅमेऱ्यातही हव्यात ना! माझ्यासारख्या जुन्या कॅमेऱ्यात त्या नसतात. तिथं महाग कार्ड चालतं, पण स्वस्ताच्याच वेगानं. चाकण चौकातल्या गर्दीत मर्सिडीज घेऊन उभं राहण्यासारखं. पुढं टेंपो असतो.

राहिलं "टिकाऊ". पाकिटावर लिहिलेलं असतं: पाण्यात चालेल, क्ष-किरणात चालेल, लोहचुंबकाजवळ चालेल. चुंबकाचं तर हसू येतं. ही फ्लॅश मेमरी. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात शोधलेली, आज कार्डात असते ती नँड जातीची १९८७ साली जगापुढं आलेली. यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात अडकवून ठेवतात. ती काही कॅसेट नव्हे, चुंबकानं तिला काय होणार? पॅंटच्या खिशातून धुवायला गेलेली कार्डं वाळवून चालल्याचं मी स्वतः पाहिलंय.

पेशी झिजतात हेही खरं. पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. पण सध्याच्या साध्या कार्डाला शेकड्यांनी, चांगल्याला हजाराच्या आसपास फेऱ्या धरल्या, आणि तुम्ही दर रविवारी ते काठोकाठ भरलंत, तरी वर्षाला बावन्न. दहा वर्षांत पाचशेवीस. फोटो काढणाऱ्याच्या हातून कार्ड झिजून मरत नाही. झिजतं ते ट्रकच्या काचेवरच्या कॅमेऱ्यातलं, गोडाऊनच्या सीसीटीव्हीतलं, जिथं रात्रंदिवस लिहिणं-पुसणं चालतं. त्यांनी "हाय एंड्युरन्स" लिहिलेलं वेगळं कार्ड घ्यावं. आपल्याला त्याचे जादा पैसे द्यायचं कारण नाही.

मग आपली कार्डं मरतात कशानं? आपल्या हातानं. लाल दिवा लुकलुकत असताना बाहेर ओढली जातात. सायबर कॅफेसारख्या ठिकाणच्या, पन्नास लोकांनी वापरलेल्या रीडरमध्ये वाकडी घुसवली जातात. पट्ट्यांच्या मधल्या बारीक प्लॅस्टिकच्या कडा तुटतात. कडेचं ते लॉकचं बटण सैल होतं आणि कॅमेरा म्हणतो कार्ड बंद आहे. (ते लॉक म्हणजे नुसती खूण असते, कार्डाच्या आत त्याचा काही संबंध नाही. सैल झालं तर त्या खाचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून काम भागतं.) आणि आमच्याकडचा खास आजार म्हणजे खिसा. शॉपफ्लोअरवरून आलेल्या शर्टाच्या खिशात लोखंडाचा बुरादा असतो, कूलंटचा तेलकटपणा असतो. त्यात कार्ड ठेवायचं आणि तेच कॅमेऱ्यात घालायचं. शंभर रुपयांची प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्या. सोन्याची अक्षरं असलेल्या कार्डापेक्षा ती डबी जास्त टिकाऊपणा देते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणखी एक. कार्ड हे ठेवायचं ठिकाण नाही. तो एसटी स्टँड आहे. अडकवलेला तो विजेचा भार वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर हळूहळू गळतो, उकाड्यात जास्त. लग्नाचे फोटो कार्डातच ठेवून कार्ड कपाटातल्या साड्यांमध्ये जपून ठेवणाऱ्या एक काकू आमच्या ओळखीत आहेत. कॉम्प्युटरवर उतरवा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत टाका, मग कार्ड मोकळं करा. आणि मोकळं करताना एकेक फोटो पुसत बसू नका, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. २००४च्या जानेवारीत मंगळावर उतरलेल्या स्पिरिट गाडीचं काय झालं होतं, माहिती आहे? तिच्या फ्लॅशवर फाइली इतक्या साठल्या की त्यांची यादीच कॉम्प्युटरला पेलेना. बिचारी पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. शेवटी इथून, कोट्यवधी किलोमीटरवरून, त्या लोकांनी तिची फ्लॅश फॉरमॅट केली आणि गाडी पुढं कित्येक वर्षं चालली. आपला कॅमेरा तर हातात असतो.

एक मोठं कार्ड घ्यावं की दोन लहान? यावर माझं आणि माझ्या स्टुडिओवाल्या मित्राचं भांडण आहे. तो म्हणतो, मोठं एकच घे. कार्ड बदलायच्या गडबडीतच ती हरवतात, मांडवात पडतात, हळदी-कुंकवाच्या ताटात जातात. त्याचं चुकीचं नाही. त्याच्या कॅमेऱ्यात दोन खाचा आहेत, प्रत्येक फोटो दोन्हीकडं लिहिला जातो. माझ्या कॅमेऱ्यात एकच खाच. मी आता चौसष्टची दोन बाळगतो, व्ही३०ची, ओळखीच्या दुकानातून पावती घेऊन आणलेली. दोन्ही आधी तपासलेली, प्रत्येकावर तपासल्याची तारीख मार्करनं लिहिलेली. हो, कारखान्यातली सवय. यात्रेला गेलो तर सकाळचं एक, दुपारचं दुसरं. उद्या त्यातलं एक गेलं तर अर्धा दिवस जाईल. अर्ध्या दिवसात काय असतं हे मला माहीत आहे, तरी पूर्ण जाण्यापेक्षा बरं.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांनी एक खोंड आणलाय. पांढरा, हरण्यासारखा अजिबात नाही. त्याचे फोटो मी काढतोय, गोठ्यातच, दर महिन्याला एक. आप्पा कॅमेरा बघून काही बोलत नाहीत, खोंडाचं तोंड तेवढं माझ्याकडं फिरवून धरतात.

पेंट शॉपच्या पोराला यातलं बरंचसं काल चहाच्या सुट्टीत सांगितलं. बैलाचं सोडून. त्यानं मान डोलावली, आणि मग खिशातून पाकीट काढून दाखवलं. दोनशे छप्पन्न जीबी, ऑनलाइन, निम्म्या किमतीत. काळ्यावर सोनेरी. मी म्हटलं, फोडू नकोस अजून, रविवारी घरी घेऊन ये, लावून बघू.

येतो म्हणालाय.